ग्रंथालयाचं लॉगिन: काय चालतं, काय चालत नाही, आणि का

कळंबाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापुरात एका उच्च शिक्षण संस्थेच्या ग्रंथालयात ई-जर्नल, ई-पुस्तकं आणि डेटाबेसचं काम बघते. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडं एक प्रकार घडला, तेव्हापासून हा धागा काढायचं मनात होतं. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण त्यातून एका विद्यार्थ्याची ओळख उघडी पडेल.

शनिवारी सकाळी ग्रंथालय उघडलं. बाहेर धो धो पाऊस, दाराशी छत्र्यांचं तळं साचलेलं. पहिलीच मुलगी आली ती थेट माझ्या टेबलाशी. सोमवारी तिचा प्रबंध जमा व्हायचा होता आणि मार्गदर्शकांनी दोन संदर्भ मूळ लेखातून पुन्हा तपासायला सांगितले होते. म्हणाली, "मॅडम, काल रात्रीपर्यंत उघडत होतं, आज पैसे मागतंय." स्क्रीनवर एका लेखाची किंमत डॉलरमध्ये. मी माझ्या संगणकावर बघितलं, तिथंही तेच. मग मेल उघडली. प्रकाशकाची मेल पहाटे चारनंतर आलेली. तुमच्या आयपी पत्त्यावरून (म्हणजे संस्थेच्या इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून) रात्री दीडपासून एकाच नियतकालिकाचे अंकामागून अंक उतरवले जात आहेत, हे माणसाचं वाचन दिसत नाही, त्यामुळं संस्थेचा प्रवेश थांबवला आहे, चौकशी करून लेखी कळवा.

एका मुलाचा नव्हे, अख्ख्या संस्थेचा प्रवेश. प्राध्यापक, पीएचडीवाले, एमएस्सीची पोरं, सगळ्यांचा.

दुपारपर्यंत वसतिगृहाच्या वायफायच्या नोंदीवरून तो मुलगा सापडला. गगनबावड्याच्या पलीकडं त्याचं गाव. तिथं रेंज मिळवायला टेकाडावर चढावं लागतं. महिनाभर घरी राहायचं म्हणून जायच्या आदल्या रात्री ब्राउझरला एक डाउनलोडर जोडून तो झोपी गेला होता. प्रवेश बंद होईपर्यंत हजारावर पीडीएफ उतरल्या होत्या. माझ्यासमोर उभा राहिला तेव्हा हातात पेनड्राइव्ह घट्ट धरलेला. त्यानं मला विचारलं, "मॅडम, वाचायला परवानगी आहे म्हणूनच लॉगिन दिलंय ना?"

त्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर होतं, पण ते आम्ही त्याला आधी कधीच दिलं नव्हतं. प्रवेशाच्या वेळी सही घेतलेल्या कागदाच्या मागं बारीक अक्षरात नियम छापले होते, एवढंच. चूक त्याच्याइतकीच आमचीही, असं मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणते.

प्रवेश पाच दिवसांनी सुरू झाला. त्या मुलीला एक लेख मूळ लेखकानं मेलवर पाठवला, दुसरा पुण्यातल्या एका ग्रंथालयानं आंतरग्रंथालयीन सेवेतून दिला. सोमवारी संध्याकाळी कार्यालय बंद होता होता तिचा प्रबंध जमा झाला.

आता मुद्द्याचं. छापील पुस्तक विकत घेतलं की ते ग्रंथालयाचं होतं. आपल्या गावात करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे. तिथल्या कपाटातलं जुनं पुस्तक काढून वाचायला आज मूळ प्रकाशकाला विचारावं लागत नाही. ई-जर्नलचं तसं नाही. बहुतेक वेळा ते भाड्याचं घर असतं. संस्था वर्षाचे पैसे भरते आणि करारावर सही करते. त्यात वाचणारे कोण, वापर कशासाठी आणि किती, हे लिहिलेलं असतं. भाडेकरू म्हणून सही संस्थेची, त्यामुळं तुम्ही-आम्ही काहीही केलं तरी नोटीस संस्थेला येते.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या ५२ व्या कलमात खासगी वापरासाठी आणि संशोधनासाठी रास्त वापराची मुभा आहे. पुष्कळ जण त्याकडं बोट दाखवतात. पण इथं कायद्याच्या जोडीला करारही असतो. कायद्यानं एखादी गोष्ट गुन्हा ठरत नसली तरी करार मोडला म्हणून प्रकाशक दार लावून घेऊ शकतो, आणि ते तो चार ओळींच्या मेलवर करतो.

करारांची भाषा प्रकाशकागणिक बदलते, पण गाभा सारखाच. सध्या शिकणारे, शिकवणारे आणि नोकरीत असणारे लोक हे अधिकृत वापरकर्ते. त्यांनी लेख शोधावा, वाचावा, अभ्यासापुरती प्रत उतरवावी, छापावी, उतारा घेऊन संदर्भ द्यावा. अख्खा अंक किंवा अख्खं ई-पुस्तक उपसू नये, त्यासाठी स्क्रिप्ट किंवा रोबो लावू नये. फाइल बाहेरच्याला देऊ नये, उघड्या संकेतस्थळावर चढवू नये, विकू नये. लॉगिन कुणालाही देऊ नये, सख्ख्या भावालासुद्धा. "किती लेख म्हणजे जास्त?" हे मला रोज विचारतात. बहुतेक करारांत आकडा नसतो, 'वाजवी' एवढाच शब्द असतो. मी मुलांना सांगते, या आठवड्यात खरोखर वाचणार असाल तेवढंच उतरवा.

आणि हे सगळं फुकट नाही हेही लक्षात घ्या. केंद्रीय मंत्रिमंडळानं २५ नोव्हेंबर २०२४ ला 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर केलं, म्हणजे देशभरातल्या सरकारी संस्थांसाठी जर्नलची एकच सामायिक वर्गणी, २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं, आणि केंद्र व राज्य सरकारच्या ६,३०० हून जास्त संस्था. विद्यापीठांच्या ग्रंथालयांचं जाळं सांभाळणारं गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र त्याची व्यवस्था बघतं. मी कामाला लागले तेव्हा एकेका जर्नलच्या वर्गणीसाठी समितीपुढं दोन-दोन तास बसायला लागायचं. आज गडहिंग्लजचा मुलगा आणि दिल्लीचा मुलगा एकच लेख एकाच दिवशी उघडू शकतो. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, म्हणून जीव तुटतो.

तुमचे प्रश्न विचारा. जमेल तसं उत्तर देते.

पाचगाव_बायपास

ताई, धागा आवडला. माझाच प्रश्न विचारतो. माझा मित्र खासगी कॉलेजात एमएस्सीला आहे, त्यांच्याकडं काहीच नाही. मी त्याला माझं लॉगिन दिलंय. तो प्रामाणिकपणे अभ्यासच करतो. यात नुकसान कुणाचं?

कळंबाकाठ

तुमचं. संस्थेबाहेरून वापरताना तुम्ही इन्फेडमधून (इन्फ्लिबनेटची लॉगिन व्यवस्था) किंवा संस्थेच्या प्रॉक्सीतून (मधल्या सर्व्हरमधून) जाता ना, तिथं तुमच्या खात्याची नोंद राहते. मित्रानं तेच लॉगिन त्याच्या रूममेटला दिलं आणि त्यानं रात्रभर उपसा केला, तर चौकशीत नाव तुमचं निघेल. शिवाय अनेक ठिकाणी ग्रंथालयाचा आणि संस्थेच्या मेलचा पासवर्ड एकच असतो. म्हणजे मेलही उघडी, निकालही उघडा. असे पासवर्ड चोरून विकणारेही असतात.

मित्राची अडचण खरी आहे. त्याचं कॉलेज अनुदानित असेल तर इन्फ्लिबनेटची एन-लिस्ट ही ई-जर्नल, ई-पुस्तकांची योजना महाविद्यालयांसाठीच आहे, त्याच्या ग्रंथपालांना विचारू दे. एखादा नेमका लेख हवा असेल तर त्याचं ग्रंथालय आमच्यासारख्या ग्रंथालयाकडं मागणी करू शकतं. बऱ्याच करारांत एका लेखाची एक प्रत दुसऱ्या ग्रंथालयाला द्यायची सोय असते. पासवर्ड मात्र आजच बदला.

गडहिंग्लजचा_मास्तर

मॅडम, मी पदव्युत्तर वर्गाला शिकवतो. दर आठवड्याला दोन-तीन लेख वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. दिल्लीच्या फोटोकॉपी खटल्यात तर न्यायालयानं शिक्षकांच्या बाजूनं निकाल दिला होता. मग हे का चालू नये?

वकीलसाहेबा

मास्तर, त्या खटल्याबद्दल मी सांगते. २०१२ मध्ये तीन परदेशी प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठ आणि आवारातल्या झेरॉक्सच्या दुकानावर दावा लावला होता. सप्टेंबर २०१६ मध्ये उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी आणि त्याच डिसेंबरमध्ये खंडपीठानंही मान्य केलं की शिक्षणाच्या ओघात शिक्षकानं किंवा विद्यार्थ्यानं केलेली प्रत ५२(१)(आय) कलमात बसते. पण तिथं विषय ग्रंथालयातल्या छापील पुस्तकांच्या उताऱ्यांचा होता. तुमच्या संस्थेनं सही केलेल्या ई-जर्नलच्या कराराला तो निकाल आपोआप लागू होतो असं धरून चालू नका.

कळंबाकाठ

साहेबांनी नेमकं सांगितलं. मास्तर, तुमच्यासाठी सोपा रस्ता आहे. पीडीएफ न टाकता लेखाची कायमची लिंक किंवा डीओआय (लेखाचा कायमचा ओळख क्रमांक) टाका. मुलं आपापल्या लॉगिननं उघडतील. यात आणखी एक गोष्ट आहे जी फार थोड्या शिक्षकांना माहीत असते. वर्गणी चालू ठेवायची की बंद करायची हे ठरवताना वापराचे आकडे बघितले जातात. तुमच्या वर्गातल्या चाळीस मुलांनी लिंकवरून लेख उघडला तर तो वापर नोंदला जातो. ग्रुपवर एकच फाइल फिरली तर फक्त एक. मुलं वाचत असूनही कागदावर ते जर्नल 'कुणी वाचत नाही' असं दिसतं. आमच्याकडं मानव्यशाखेचा एक चांगला डेटाबेस असाच गेला. तो वाचवायला माझ्याकडं दाखवायला आकडेच नव्हते.

गडहिंग्लजचा_मास्तर

हे खरंच माहीत नव्हतं. उद्यापासून लिंक.

ओतकाम

ताई, मी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत हाय. नोकरी करत करत पीएचडी चाललीया, विषय कास्टिंगमधल्या ब्लोहोलचा, म्हणजे ओतीव मालात वायूनं पडणाऱ्या पोकळीचा. रात्री विद्यापीठाच्या लॉगिननं पेपर वाचतो, सकाळी त्यातलं काहीतरी सँडच्या ओलाव्यात करून बघतो. रिजेक्शन कमी झालं तर फायदा कंपनीचा. मग हे कमर्शियल झालं काय? मनात टोचत असतंय.

कळंबाकाठ

दादा, टोचून घेऊ नका. वाचून जे डोक्यात गेलं ते तुमचं. ज्ञानावर करार होत नसतो, तो त्या फाइलवर असतो. तुमच्या प्रबंधासाठी लेख उतरवा, वाचा, टिपणं काढा, सकाळी भट्टीवर काय वापरायचं ते वापरा. फक्त ती पीडीएफ कंपनीच्या सर्व्हरवर ठेवू नका, मॅनेजरला फॉरवर्ड करू नका, ग्राहकाला द्यायच्या अहवालाला जोडू नका. कंपनीला लेखच हवा असेल तर कंपनीनं विकत घ्यावा. आणि कंपनीच्या कॉम्प्युटरवर लॉगिन करत असाल तर काम झालं की बाहेर पडा. शिफ्ट बदलली की तिथं दुसरा माणूस बसतो.

ओतकाम

बरं झालं विचारलं. शेअर्ड फोल्डरमध्ये टाकलेल्या तेवढ्या काढतो.

सागरमाळ

मी थोडा विरोधी सूर लावतो, राग नसावा. संशोधन करतात आपली माणसं, बऱ्याचदा सरकारी अनुदानावर. लेख तपासतात प्राध्यापक, बिनपैशांनी. मग प्रकाशक तोच लेख आपल्यालाच विकणार आणि आपण नियम पाळत बसायचं? ॲरन स्वार्ट्झ या अमेरिकन प्रोग्रामरला विसरू नका. एमआयटी या अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या नेटवर्कवरून त्यानं जेस्टोर या जर्नलच्या डेटाबेसमधले लाखो लेख उतरवले, २०११ मध्ये अटक झाली, खटला चालू असतानाच जानेवारी २०१३ मध्ये त्या २६ वर्षांच्या मुलानं जीव दिला. त्याची चूक होती की व्यवस्थेची?

कळंबाकाठ

राग कशाला. स्वार्ट्झचं मला आजही वाईट वाटतं. त्याच्यावर लावलेली कलमं त्याच्या कृत्याच्या मानानं फारच जड होती असं माझं मत आहे. आणि तुमचा पहिला मुद्दा तर शंभर टक्के मान्य. एका लेखासाठी गरीब देशातल्या मुलाकडून डॉलर मागणं हे मला रोज डाचतं.

पण त्याच प्रकरणातली दुसरी बाजू बघा. तेव्हा जेस्टोरनं काही दिवस अख्ख्या एमआयटीचा प्रवेश बंद केला होता. तिथंही कुणीतरी सोमवारी प्रबंध द्यायची मुलगी असणारच. लढाई प्रकाशकाशी असते आणि मार बसतो शेजारच्या बाकावरच्याला, म्हणून मला तो रस्ता पटत नाही. मला पटणारा रस्ता खुल्या प्रवेशाचा आहे, म्हणजे लेख कुणालाही मोफत वाचता यावा. तुम्ही स्वतः लेख लिहीत असाल तर प्रकाशकाला हक्क देण्याआधी करार वाचा. बहुतेक प्रकाशक स्वीकृत हस्तलिखित (तपासून मंजूर झालेला, पण त्यांनी अजून मांडणी न केलेला मसुदा) संस्थेच्या ऑनलाइन भांडारात ठेवू देतात, काही लगेच, काही ठरावीक महिन्यांनी. आपल्याकडं किती प्राध्यापक ते ठेवतात? 'शोधगंगा' हे प्रबंधांचं ऑनलाइन भांडार बघा. यूजीसीनं २००९ च्या नियमांत प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत सक्तीची केली आणि आज देशभरातले प्रबंध कुणालाही मोफत वाचता येतात. हे कुणाचाही पासवर्ड न चोरता झालं.

सागरमाळ

शोधगंगेचा मुद्दा मान्य. हस्तलिखिताचं मात्र खरंच माहीत नव्हतं, माझे तीन लेख आहेत, बघतो.

संशोधिका_राजारामपुरी

ताई, दोन प्रश्न. झोटेरो या संदर्भ सांभाळायच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या संदर्भांच्या पीडीएफ एकदम शोधायची सोय आहे, ती चालते का? आणि लेख एआय चॅटबॉटमध्ये टाकून सारांश काढला तर?

कळंबाकाठ

झोटेरो जरूर वापरा, मी स्वतः शिकवते. पण तीनशे नोंदी निवडून एका झटक्यात पीडीएफ मागवल्या तर प्रकाशकाच्या यंत्रणेला तो रोबोच वाटतो. दहा-बारा करून घ्या.

चॅटबॉटचं जपून. बऱ्याच नव्या करारांत परवान्यातला मजकूर बाहेरच्या एआय साधनाला देऊ नये असं स्पष्ट कलम येऊ लागलंय, काहींत अटींवर परवानगी आहे. म्हणून सरसकट हो किंवा नाही म्हणत नाही, लेख कुठल्या प्रकाशकाचा आहे ते ग्रंथपालाला सांगून विचारा. मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध झालेल्या लेखाला ही अडचण सहसा येत नाही. आणि हजारो लेखांचं मजकूर-विश्लेषण हाच तुमचा विषय असेल तर चोरून स्क्रिप्ट लावू नका. काही प्रकाशक त्यासाठी वेगळी एपीआय चावी (प्रोग्रामनं लेख घ्यायची अधिकृत परवानगी) देतात, आम्ही ती मागून देऊ.

आजऱ्याचा_घनसाळ

नमस्कार. मी शेतकरी आहे, आजऱ्याकडं घनसाळ भात करतो. बीएस्सी ॲग्री होऊन बरीच वर्षं झाली. करपा रोगावरचं नवीन काय आहे ते वाचायला मुलीच्या लॉगिननं बसतो. ती तिथंच शिकते. वरचं सगळं वाचून कसंसं झालं. माझ्यासारख्यानं वाचायचंच नाही का?

कळंबाकाठ

दादा, वाचायचंच. तुमच्यासारखा वाचक आला तर आम्हाला आनंदच आहे. पण मुलीचं लॉगिन नको, काही झालं तर तिच्या प्रवेशावर येईल.

पहिली गोष्ट, तुमच्या विषयातलं पुष्कळ काही खुलं आहे. 'कृषीकोश' या भांडारात कृषी विद्यापीठांतले प्रबंध मिळतात. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची संशोधन नियतकालिकं त्यांच्या पोर्टलवर वाचता येतात. दुसरी गोष्ट, काही करारांत ग्रंथालयात प्रत्यक्ष येऊन वाचणाऱ्या बाहेरच्या माणसाला मुभा असते. घरून नाही, पण आमच्या संगणकावर बसून वाचता येतं. आमच्याकडं त्यासाठी दोन संगणक ठेवलेत आणि खरं सांगायचं तर ते बहुतेक वेळा रिकामेच असतात. तिसरी, लेखाच्या पहिल्या पानावर लेखकाचा मेल असतो. मराठीत नाही पण साध्या इंग्रजीत चार ओळी लिहा, शेतकरी आहे म्हणून सांगा. माझ्या अनुभवात अशा मेलला उत्तर येतं.

वकीलसाहेबा

दादा, अभ्यास करणाऱ्या शेतकऱ्याला सलाम. ताईंनी सांगितलेल्या तिन्ही वाटा कायद्यानं स्वच्छ आहेत.

पाचगाव_बायपास

पासवर्ड बदलला. मित्राला समजावून सांगितलं, थोडा नाराज झाला. त्याच्या ग्रंथपालांकडं एन-लिस्ट होतंच, याला कुणी सांगितलं नव्हतं.

आजऱ्याचा_घनसाळ

मुलीनंही रात्रीच पासवर्ड बदलला. कृषीकोशावर करप्यावरचे प्रबंध सापडले, एकाची शंभरएक पानं वाचून झाली. त्यातल्या संदर्भांतले चार लेख बघायचेत, ते मात्र बंद दिसतात. मंगळवारी एसटीनं येतो म्हणतो. सोबत काय आणावं लागेल?

कळंबाकाठ

आधार कार्ड आणि त्या चार लेखांची नावं लिहून आणा. कुठं यायचं ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. दीड ते दोन टेबल बंद असतं, त्याआधी पोहोचा. मी तिथंच असेन.